गोगलगाय घर बदलत नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते कारण दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. गोगलगाय मोठी झाली की जुना शंख टाकून नवीन शंख शोधायला जात नाही. कधीच नाही. अंड्यातून बाहेर येताना जो चिमुकला शंख तिच्या पाठीवर असतो तोच मरेपर्यंत तिच्याबरोबर राहतो, आणि तो तिनेच बनवलेला असतो, तिनेच वाढवलेला असतो, फुटला तर दुरुस्तही तीच करते. घर बदलतो तो हर्मिट क्रॅब. तो खेकडा आहे, त्याचं मागचं अंग मऊ असतं आणि त्याला स्वतःला शंख बनवता येत नाही म्हणून तो मेलेल्या गोगलगायींचे शंख वापरतो, मोठा झाला की मोठा शंख बघतो. दोघांचे व्हिडिओ मुलांना यूट्यूबवर पाठोपाठ दिसतात आणि मग डोक्यात सरमिसळ होते. माझा भाचा मागच्या जुलैत बागेत उकिडवा बसून मला विचारत होता, "मावशी, हिला घर छोटं झालं की ही कुठे जाते?" त्याला मी तोंडी सांगितलं जमेल तसं, पण हा प्रश्न इतका चांगला आहे की त्यावर नीट लिहावं असं तेव्हापासून मनात होतं.

आमच्याकडे नेरुळला, खरं तर बेलापूरपासून पार ठाण्याच्या येऊरपर्यंत सगळीकडेच, पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत आणि कंपाउंडच्या भिंतीवर ज्या बोटाएवढ्या लांब तपकिरी गोगलगायी दिसतात ना, त्या मूळच्या आपल्या नाहीत. ती जायंट आफ्रिकन स्नेल, पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथल्या बागेत सोडली गेली आणि मग हळूहळू देशभर झाली. निसर्ग-संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 घुसखोर प्रजातींच्या यादीत ती आहे. त्याबद्दल खाली बोलते. पण शंख कसा वाढतो हे बघायचं असेल तर हिच्याइतकं सोपं उदाहरण आपल्या आसपास दुसरं नाही, कारण शंख मोठा असतो आणि त्यावरच्या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फक्त उघड्या हाताने उचलू नका आणि मुलांना उचलू देऊ नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत या गोगलगायींमधून माणसात येऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, एवढं केलं की मग निवांत बघा.

तर शंख म्हणजे तिने अंगावर घेतलेली वस्तू नाही, शरीराचाच भाग आहे. रिकामा शंख उभा कापला तर मध्ये एक पिळदार खांब दिसतो, सगळी वेटोळी त्याच्याभोवती फिरत गेलेली असतात, आणि गोगलगायीचा एक जाड स्नायू या खांबाला घट्ट चिकटलेला असतो. धोका वाटला की ती आत जाते ती या स्नायूच्या जोरावर. बाहेर दिसतं ते डोकं आणि पाय एवढंच, बाकीचं सगळं शरीर आत असतं, पार टोकाकडच्या वेटोळ्यांमध्ये तिची पचनग्रंथी आणि अंडी-शुक्राणू बनवणारी ग्रंथी असते. म्हणजे तिला शंखातून ओढून काढणं म्हणजे तिला मारणं. काही मुलं कुतूहलापोटी हे करतात, त्यांना ओरडण्यापेक्षा हे एवढं सांगितलं तर ती खरंच थांबतात, मी बघितलंय.

आता शंखाची सुरुवात. ती अंड्यातच होते. गर्भ अगदी बारीक असताना त्याच्या पाठीवरच्या पेशींचा एक छोटासा भाग आधी आत दबतो, मग परत बाहेर पसरतो, आणि त्याच्यावर एक पातळ प्रोटीनचा पापुद्रा तयार होतो. हा पहिला शंख. सुरुवातीला त्यात कॅल्शियम नसतंच, ते नंतर बसायला लागतं. पिल्लू बाहेर येतं तेव्हा शंखाची दोनेक वेटोळी तयार असतात, कवच इतकं पातळ की आतलं शरीर दिसतं. आणि बाहेर आल्यावर पहिलं जेवण काय, तर स्वतःच्याच अंड्याचं टरफल. आफ्रिकन गोगलगायीच्या अंड्याला कॅल्शियमचं कवच असतं, म्हणजे आईने पिल्लाला शंखासाठीचं सामान आधीच बांधून दिलेलं असतं.

हे पिल्लाचं कवच पुढे कुठे जातं? कुठेच नाही. मोठ्या गोगलगायीच्या शंखाचं जे निमुळतं टोक असतं ना, तेच ते. भिंग घेऊन बघा, टोकाची पहिली वेटोळी बाकीच्या शंखापेक्षा गुळगुळीत किंवा वेगळ्या पोताची दिसतात आणि एका ठिकाणी पोत बदलतो, तिथपर्यंत अंड्यातलं काम आणि तिथून पुढे जगात आल्यानंतरचं. पाच-सहा वर्षांच्या म्हाताऱ्या गोगलगायीच्या अंगावर तिचं बाळपण जसंच्या तसं असतं, थोडं झिजलेलं असतं इतकंच. मला शंखाबद्दलची ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे. आपलं हाड आतून सतत मोडत आणि बनत असतं, लहानपणीचं हाड म्हणून काही शिल्लक राहत नाही. शंखात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा बनलं ते बनलं, पुढचं सगळं त्याच्या कडेला जोडायचं.

आणि हे जोडायचं काम कोण करतं तर प्रावार, म्हणजे शंखाच्या आतून तिच्या शरीरावर असलेला मांसल पदर. इंग्रजीत मॅन्टल म्हणतात, मी पुढे मॅन्टलच लिहिते, अॅक्वेरियमवाल्यांच्या तोंडात तोच शब्द आहे. गोगलगाय पूर्ण बाहेर आलेली असताना शंखाच्या तोंडाशी आतून एक मांसल कडा दिसते, काचेवर चढत असेल तर अजून चांगली दिसते, ती मॅन्टलची कडा. शंखाची लांबी फक्त इथेच वाढते, तोंडाच्या कडेला. टोकाला नाही, मधे नाही. मॅन्टलच्या कडेवर एक बारीक खाच असते, तिच्यातून आधी प्रोटीनचा एक पातळ पडदा बाहेर येतो आणि शंखाच्या कडेला चिकटतो. हा शंखाचा सगळ्यात बाहेरचा थर होतो, तपकिरी वार्निशसारखी जी चमक असते ती याची. या पडद्याच्या आतल्या बाजूला, पडदा आणि मॅन्टल यांच्यामध्ये, एक अगदी चिंचोळी जागा राहते आणि तिच्यात द्रव असतो. खरा शंख या द्रवात तयार होतो.

इथे थोडी केमिस्ट्री सांगावीच लागेल, पण ती छान आहे. शंख म्हणजे 95 टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, चुनखडी, संगमरवर हे सगळं ज्याचं बनलंय तेच. कॅल्शियम खाण्यातून आणि मातीतून येतं, पायाच्या ओल्या कातडीतूनही थोडं शोषलं जातं, आणि रक्तातून मॅन्टलपर्यंत पोचतं. कार्बोनेटसाठी लागणारा कार्बन मोठ्या प्रमाणात तिच्या स्वतःच्या श्वासातला असतो. आपण जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो तोच, पण ती त्यातला काही पाण्यात विरघळवून बायकार्बोनेट करते, त्यासाठी तिच्याकडे एक एन्झाइम आहे, तेच एन्झाइम आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्येही असतं. मग कॅल्शियम आणि बायकार्बोनेट त्या चिंचोळ्या जागेत भेटतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पण या रिअॅक्शनमध्ये आम्ल सुटतं, आणि आम्लात तर कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, म्हणजे ते आम्ल सतत बाहेर काढलं नाही तर बनवलेलं पुन्हा विरघळून जाईल. त्यामुळे मॅन्टलच्या पेशी ते सतत उपसत असतात. शंख बनवणं ही फुकटात होणारी गोष्ट नाहीये, त्यात तिची ताकद खर्च होते, आणि त्यातही प्रोटीनचा भाग जास्त महाग पडतो.

प्रोटीन कशाला म्हणाल तर सगळी करामत त्याच्यातच आहे. नुसता खडू हातात घेऊन मोडा, कट्कन तुटतो. शंख तसा तुटत नाही. कारण मॅन्टल आधी प्रोटीन आणि कायटिनची (किड्यांचं कवच ज्याचं असतं त्या चिवट पदार्थाची) एक जाळी घालतं आणि स्फटिक कुठे सुरू व्हायचा, कोणत्या दिशेने वाढायचा, कुठे थांबायचा हे ती जाळी ठरवते. बहुतेक गोगलगायींच्या शंखात अरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका प्रकारच्या स्फटिकाच्या, अतिशय बारीक पट्ट्या थरांमध्ये रचलेल्या असतात आणि प्रत्येक थरातल्या पट्ट्यांची दिशा शेजारच्या थराला आडवी असते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे उभे-आडवे लावतात ना, अगदी तसंच. एका थरात तडा गेला तरी पुढच्या थरात त्याला सरळ वाट मिळत नाही, तो वळत-अडखळत जातो आणि बऱ्याचदा मधेच थांबतो. म्हणून मोठा समुद्री शंख दगडावर पडला तरी कपचा उडतो आणि निभावतं, तेवढ्याच जाडीचा खडू भुगा होईल. मटेरियल सायन्सवाले लोक याच रचनेची नक्कल करायच्या मागे आहेत आणि गोगलगाय हे साध्या हवेत, साध्या तापमानाला, पालापाचोळा खाऊन करते.

लांबी कडेला वाढते आणि जाडी आतून. मॅन्टलचा बाकीचा भाग शंखाच्या आतल्या बाजूला हळूहळू नवे थर लावत राहतो, त्यामुळे जुना भाग जाड आणि कडेचा भाग पातळ. जुलै-ऑगस्टमध्ये बागेतल्या वाढत्या वयाच्या गोगलगायीच्या शंखाची कड बघा, शेवटची पट्टी फिकट आणि कागदासारखी पातळ असते, कधीकधी तर दाबली की वाकते. ती गेल्या काही दिवसांतली वाढ. तिला उचलायचंच असेल तर तिथे धरू नका, मागून जाड भागाला धरा.

मग दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हे सगळं थांबतं. गोगलगाय दगडाखाली, कुंड्यांच्या मागे, भिंतीच्या सांदीत जाते, शंखाच्या तोंडावर पांढुरका पडदा ओढून घेते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत झोपते. त्या काळात शंख वाढत नाही. जूनमध्ये परत सुरू होतं तेव्हा जुन्या कडेवर नवीन काम जोडलेलं उमटून दिसतं, एक ठळक रेघ येते. रिकामा शंख हातात घेऊन तोंडाकडून टोकाकडे बोट फिरवलं की बारीक रेषा असंख्य लागतात पण अशी ठसठशीत रेघ मधेच एखादी. ती बहुतेक वेळा मोठ्या विश्रांतीची असते, दुष्काळ किंवा उपासमार झाली तरी येते, त्यामुळे त्यावरून वय काढायला जाऊ नका, पण तिथे काम थांबलं होतं हे नक्की. बाजारातल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, ज्या कमानीसारख्या रेघा असतात त्याही याच पद्धतीने आलेल्या, तिथेही मॅन्टल कडेला भर घालतं, फक्त शिंपला दोन झाकणांचा असल्यामुळे वेटोळं होत नाही.

हं, वेटोळं. हा प्रश्न मोठ्यांना पण पडतो की तिला गोल फिरायचं कसं कळतं. तिला काही मोजावं लागत नाही. तोंडाच्या कडेला सगळीकडे सारखी भर घातली तर सरळ नळी होईल. पण बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा जास्त भर घातली तर नळी वाकणार, आणि वाकतच राहिली तर गोल होणार. त्यात प्रत्येक फेरीला तोंड थोडं मोठं होत गेलं आणि थोडं एका बाजूला सरकत गेलं की झाला शंख. या तीन गोष्टी, तोंड किती पटीने मोठं होतं, मधल्या खांबापासून किती लांब राहतं आणि किती खाली सरकतं, एवढ्या बदलल्या की चपटी गोगलगाय, उंच मनोऱ्यासारखी खाडीतली गोगलगाय, गोलमटोल तळ्यातली गोगलगाय सगळ्या मिळतात. 1960च्या दशकात डेव्हिड राउप या अमेरिकन जीवाश्म-शास्त्रज्ञाने त्या काळच्या कॉम्प्युटरला हे मोजके आकडे देऊन शंख काढून दाखवले होते. त्याच्याही आधी, 1838 मध्ये, हेन्री मोझली नावाच्या इंग्रज गणितज्ञाने शंख मोजून दाखवलं होतं की ही वाढ बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. प्रत्येक फेरीत ठरावीक पटीने मोठं. त्यामुळे आकार वाढतो पण घडण तीच राहते, पिल्लू आणि आई यांचे शंख एकाच साच्यातले दिसतात. गणितात या वक्राला लॉगरिदमिक स्पायरल म्हणतात. जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाला हा वक्र इतका आवडायचा की आपल्या थडग्यावर तो कोरावा अशी त्याची इच्छा होती, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला त्याच्या थडग्यावर कारागिराने कोरला तो भलताच, समान अंतराच्या वेटोळ्यांचा. तिथे आजही तोच आहे.

जाता जाता एक, शंखात गोल्डन रेशो असतो, 1.618, असे फॉरवर्ड फिरतात. तसं काही नाही. प्रत्येक जातीची पट वेगळी, त्या एका आकड्याशी शंखांना काही देणंघेणं नाही.

रंगांबद्दल पण सांगते कारण ते मला कडेच्या वाढीइतकंच भारी वाटतं. रंगही मॅन्टलची कडाच भरते, शंख बनतानाच. म्हणजे शंखावरची नक्षी एकदम छापलेली नसते, रोज एक बारीक ओळ अशी ती उमटत जाते. कडेवरच्या एखाद्या जागच्या पेशी सतत रंग सोडत राहिल्या तर वेटोळ्याच्या बरोबरीने धावणारा पट्टा मिळतो. सगळ्या पेशी काही दिवस चालू, काही दिवस बंद असं झालं तर तोंडाला समांतर आडवे पट्टे. आपल्या आफ्रिकन गोगलगायीच्या शंखावर ज्वाळांसारखे तपकिरी ओरखडे असतात ते याच चालू-बंदचे. आणि चालू-बंद शेजारच्या पेशींमध्ये सरकत गेलं तर तिरप्या रेघा, त्रिकोण, जाळी. जर्मनीचे हान्स माइनहार्ट आणि आल्फ्रेड गीरर यांनी 1972 मध्ये एक कल्पना मांडली, की एक रसायन स्वतःलाच वाढवतं आणि त्याचबरोबर स्वतःला दाबणारं दुसरं रसायन पसरवतं, एवढ्याशा खेळातून नक्षी आपोआप तयार होऊ शकते, आणि पुढे माइनहार्टनी त्यातून कॉम्प्युटरवर कितीतरी समुद्री शंखांची नक्षी हुबेहूब काढली. दुसऱ्या काही लोकांचं म्हणणं असं की मॅन्टलमधल्या नसा आधीच्या ओळी वाचतात आणि त्यावरून पुढची ओळ ठरते. दोन्हीत एक गोष्ट सारखी, नक्षी म्हणजे काळाची नोंद आहे, टोकाकडून तोंडाकडे वाचायची.

कवडीला मात्र हा नियम लावायला गेलं की गोंधळ होतो. घरात तुळजाभवानीची कवड्यांची माळ असेल तर एक कवडी निरखून बघा. टोक नाही, वेटोळी नाहीत, वाढीच्या रेघा नाहीत, नुसती चकचकीत. पण कवडी ही सुद्धा समुद्री गोगलगायच, आणि लहानपणी तिलाही पातळ कडेचा, वेटोळ्यांचा साधा शंख असतो. मोठी झाली की ती तोंडाची कड आतल्या बाजूला वळवते, दातेरी फट तेवढी उरते, आणि मग मॅन्टलचे दोन पदर दोन्ही बाजूंनी शंखाच्या बाहेर येऊन त्याला पूर्ण झाकतात आणि बाहेरूनच थर चढवतात, रंगही तिथेच देतात. जुनी वेटोळी त्या थराखाली गाडली जातात. चकाकी कुणी पॉलिश केलेली नसते, जिवंतपणी ती सतत मॅन्टलने झाकलेली असल्यामुळे तिच्यावर ओरखडाच पडलेला नसतो. कड आत वळली की वाढ संपली, नंतर फक्त जाडी.

दुरुस्तीचं आता. शंखाची कड फुटली तर फार काळजी नसते, मॅन्टल तिथे पोचतं, आधी प्रोटीनचा पडदा ताणतं, त्याच्या आतून कॅल्शियम भरतं, आणि वाढ पुढे चालू. खूण राहते, वेडीवाकडी शिवण दिसते, रंग थोडा चुकतो. मागच्या वेटोळ्याला भोक पडलं तर ते आतून बुजवलं जातं, ठिगळ पांढुरकं आणि साधं असतं कारण रंग देणारी आणि बाहेरचा पडदा बनवणारी कडा तिथे नसते. खांबच मोडला किंवा शरीर उघडं पडलं तर मात्र ती वाचत नाही. पायाखाली आलेली गोगलगाय दिसली आणि तडा छोटा असेल तर फेविक्विक वगैरे लावू नका, ओलसर सावलीत ठेवा, अंड्याच्या टरफलाचा चुरा जवळ ठेवा, बाकीचं काम तिचं तिला येतं.

कॅल्शियम तिच्यासाठी किती मोलाचं आहे ते आपल्या रस्त्यांवरच दिसतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना मारलेला असतो, जुन्या भिंतींना चुन्याचा हात दिलेला असतो, पावसात आफ्रिकन गोगलगायी तो चुना खरवडून खातात. तिच्या तोंडात हजारो बारीक दातांची एक पट्टी असते, तिने ती भिंत अक्षरशः किसते. लोकांना वाटतं भिंत खराब करते, तिला तर शंखासाठी सामान हवं असतं. आणि हे सामान पुढेही जातं. हॉलंडमध्ये आम्ल पावसाने जंगलातल्या मातीतलं कॅल्शियम कमी झालं, गोगलगायी कमी झाल्या आणि तिथल्या ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघायला लागली, कारण माद्या अंड्यांसाठी लागणारं कॅल्शियम गोगलगायींच्या शंखांमधून घेत होत्या. 1994 मध्ये हे संशोधन नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलं होतं.

ज्यांच्या घरी फिश टँक आहे त्यांना हे रोज बघता येतं. टँकमध्ये बदामाची पानं आणि लाकूड जास्त झालं की पाणी आम्लाकडे झुकतं आणि गोगलगायींच्या शंखाची टोकं पांढरी, खडबडीत होत जातात, शंख विरघळत असतो. टोकच का, तर ते सगळ्यात जुनं, बाहेरचा थर तिथे झिजून गेलेला असतो आणि मॅन्टलची कडा तिथे कधीच परत पोचत नाही. पक्ष्यांच्या दुकानात लव्हबर्डच्या पिंजऱ्यात अडकवायला समुद्रफेन मिळतं, त्याचा तुकडा टँकमध्ये टाका, बाहेर येणारा नवीन शंख चांगला येतो, खराब झालेलं टोक मात्र तसंच राहणार. आणि समुद्रफेन तरी काय आहे, माकुलाच्या (स्क्विडच्या) जातभाईचा आतला शंखच, तोही मॅन्टलनेच बनवलेला.

याच टँकमध्ये अजून एक गंमत आहे. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर नखाएवढ्या, पातळ शंखाच्या फायसा नावाच्या गोगलगायी न विचारता येतात. त्यातली एक घ्या, टोक वर करून तोंड आपल्याकडे करा. उघडं तोंड डाव्या बाजूला दिसेल. आता बागेतला आफ्रिकन शंख तसाच धरा, तोंड उजवीकडे. जगातल्या बहुतेक सगळ्या गोगलगायी उजव्या, काही जाती पूर्ण डाव्या, फायसा त्यातली एक, आणि आपल्या पश्चिम घाटात एरिओफांटा म्हणून आहे तिच्यातही डाव्या जाती आहेत. देवघरातला शंख नेहमी टोक खाली करून धरतात म्हणून तिथे मोजायची पद्धत उलटी होते, ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो प्राणिशास्त्राच्या हिशोबाने डावा आणि म्हणूनच अतिदुर्मिळ. ऑनलाइन स्वस्तात दक्षिणावर्ती म्हणून जे विकलं जातं त्यात कित्येकदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक वेगळीच जात असते जी जन्मतःच डावी असते, श्रद्धेने घेणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

डावं की उजवं हे ठरतं तेव्हा शंखाचा पत्ताच नसतो. गर्भ चार पेशींवरून आठ पेशींवर जातो त्या वेळी वरच्या चार पेशी किंचित वळून बसतात, त्या ज्या बाजूला वळल्या तिकडे पुढे शंख वळतो. आणि वळायचं कुठे हे पिल्लाच्या स्वतःच्या जीन्सवर नाही, आईच्या जीन्सवर असतं, तिने अंड्यात भरून दिलेल्या सामानावर. स्टर्टेव्हंट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने 1923 मध्ये हे ओळखलं होतं. जपानच्या रेइको कुरोदा यांच्या टीमने 2009 मध्ये आठ पेशींचा गर्भ घेऊन त्या पेशी नुसत्या ढकलून उलट्या बाजूला वळवल्या, आणि त्यातून उलट्या शंखाच्या, धडधाकट गोगलगायी जन्मल्या. 2019 मध्ये एक जीन बंद करूनही तेच साधलं.

उजव्या जातीत चुकून एखादी डावी निघाली तर तिची पंचाईत होते, कारण शरीराची सगळी मांडणीच आरशातल्यासारखी उलटते आणि जोडीदाराशी जुळत नाही. लंडनमध्ये 2016 साली अशी एक साधी बागेतली गोगलगाय कंपोस्टच्या ढिगात सापडली, नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अँगस डेव्हिसन यांनी तिचं नाव जेरेमी ठेवलं आणि डावी गोगलगाय कुणाला दिसली तर कळवा असं लोकांना आवाहन केलं. दोन मिळाल्या, एक इप्सविचची, एक मायोर्काची, आणि त्या दोघींनी आधी एकमेकींशीच जोडी जमवली. जेरेमीला शेवटी पिल्लं झाली, 56, सगळी उजवी, आणि 2017च्या ऑक्टोबरमध्ये जेरेमी गेली.

आता बागेत गोगलगायींवर मीठ टाकण्याबद्दल. आफ्रिकन गोगलगाय पिकांचं खरोखर नुकसान करते, शेतात त्यांचा उपद्रव म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांना विचारा, 2022 मध्ये गोगलगायींनी कोवळी रोपं साफ केली होती. त्यामुळे त्या गोळा करू नका असं मी म्हणणार नाही. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "मीठ टाका मीठ टाका" चालू होतं ते थांबवा. मिठाने माती खराब होते, झाडं मरतात, आणि आपल्या देशी छोट्या गोगलगायीही त्यात जातात ज्यातल्या कितीतरी नुसता सडका पाला खातात. त्यापेक्षा गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बागेत ठेवायचं, रात्रीतून मोठ्या तपकिरी सगळ्या त्याखाली जमतात, सकाळी हातमोजे घालून नेमक्या त्याच गोळा करायच्या.

आणि गोळा करताना किंवा रिकामे शंख उचलताना एक काम माझ्यासाठी करा. टोक वर, तोंड आपल्याकडे. नेरुळ, खारघर, ठाणे, कुठेही तोंड डावीकडे असलेला मोठा तपकिरी शंख मिळाला तर टोकाचा आणि तोंडाचा असे दोन फोटो काढून मला नक्की पाठवा, सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं.